आटपाडीच्या वाटेवर लपवलेले डबे

वाईहून आटपाडीला जायला शहाण्या माणसाला अर्धा दिवस पुरतो. एसटी वेळेवर मिळाली तर त्याहून कमी, आणि ड्रायव्हरची सासुरवाडी वाटेत असली तर थोडा जास्त. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. जीप बंद पडली नाही, वाटही चुकली नाही. दर मुक्कामाला मी डबा लपवायचा आणि पोरांनी तो शोधायचा, या नादात तेवढे दिवस गेले. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वाईच्या घाटावर मी हा प्रवास इतक्यांदा सांगितलाय की त्यात एक वाघ आणि दोन दरोडेखोर शिरलेत. इथं लिहिताना वाघ काढून टाकलाय. दरोडेखोरांचं बघू पुढं.

वाई

माझं वाईत भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत माझ्या दुकानात इतकी गर्दी असते की गिऱ्हाईक आत शिरताना कुमार असतो आणि बाहेर पडेपर्यंत त्याला नातू होतो. भांड्यांवर नावं घालायचं मशीन आहे, ते मीच चालवतो. 'चि. अमुक यास मामाकडून' हे मी डोळे मिटून कोरू शकतो. माझ्या हाताखालून अर्ध्या जिल्ह्याचे मामा गेले. पण मी स्वतः ज्यांचा मामा, ती दोन पोरं राहायची हजार मैलांवर, कोइमतूरला.

माझी थोरली बहीण, अक्का, आटपाडीत दिलेली. त्या बाजूला पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता जातो. म्हणून तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सोनाराकडचं जुनं सोनंचांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. देशातलं एकही मोठं गाव नसेल जिथल्या सोनारगल्लीत आटपाडी-विट्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला नाही. आमचे दाजी कोइमतूरच्या भट्टीपुढं बसले. दोन्ही पोरं तिकडंच वाढली. थोरली गौरी सात वर्षांची, धाकटा विशू पाचाचा.

गेल्या मे महिन्यात सगळे बऱ्याच वर्षांनी गावाकडं आले. दाजी मिरजेला उतरून सामानासकट पुढं आटपाडीला गेले आणि अक्का पोरांना घेऊन आमच्याकडं आली. चहा पिता पिता तिनं सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, जवळ बसवलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी तिकडं ना धड मराठी शिकती, ना धड तमीळ. ह्यास्नी वाटतंय, गौरीला हितं ठिवावी. तुमच्यात. वाईची शाळा चांगली हाय. पर तिला करमलं पायजे. रडत ठिवायची न्हाई मला."

आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. त्यावर मी विनोद करत असे, आणि सुलभा त्या विनोदांना हसत नसे. अक्काचं बोलणं ऐकून तिनं हातातली बशी खाली ठेवली. "करमेल की," ती म्हणाली, "न करमायला काय झालं?"

अक्का दुसऱ्या दिवशी आटपाडीला पुढं गेली, कारण बंद घर झाडून गावच्या यात्रेच्या आधी राहण्याजोगं करायचं होतं. पोरांना जीपमधून सावकाश, आपला मुलूख दाखवत घेऊन यायचं काम माझ्यावर आलं. म्हणजे थोडक्यात, चार दिवसांत गौरीला इथं राहावंसं वाटलं पाहिजे. सुलभा लग्नसराईमुळं दुकान सोडू शकत नव्हती. सगळी भिस्त माझ्यावर, आणि माझ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचं काय होतं हे वाईत कुणालाही विचारा.

पोरं मात्र कंटाळली होती. घाट बघितला, गणपती बघितला, झालं. विशू तर दुकानातल्या मोठ्या घंगाळात जाऊन बसला आणि बाहेर येईना. त्याला काढायला मी एक लिमलेटची गोळी एका डब्यात टाकली आणि म्हटलं, "ह्या दुकानातल्या एका डब्यात खजिना हाय. शोध." पोरानं दुकानातला प्रत्येक डबा उघडला. झाकणांचा असा कल्लोळ झाला की समोरच्या देवळातल्या गुरुजींना आरतीची वेळ झाली असं वाटलं. गोळी सापडली तेव्हा तो खदाखदा हसला. गौरीही हसली. माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला: हेच दोन जिल्ह्यांत करायचं.

मी पितळी कड्यांचे, घट्ट झाकणांचे चार-पाच स्टीलचे डबे काढले. मशीनवर एकेकावर गौरीचं आणि विशूचं नाव घातलं. आत गोट्या, शिट्टी, रिबिनी, काचेचे मणी. बदामी कागदावर नकाशा काढला. नकाशाखाली चार ओळींचं कोडं, यमक जुळवून. पहिला डबा पहाटे जाऊन घाटावरच्या एका दीपमाळेच्या वरच्या कोनाड्यात ठेवून आलो.

तुमच्या घरी लहान पोरं असतील आणि असा खेळ मांडायचा असेल, तर मी त्या दिवशी जे जे केलं ते ते करू नका. एक तर उन्हं चढल्यावर निघालो. दुसरं म्हणजे गौरीला वाचता यायचं तमीळ आणि इंग्रजी. माझं यमक कृष्णार्पण झालं. तिसरं म्हणजे वाट लांब. मी मध्ये मध्ये राजाचा खजिना, सात घोडे, आंधळा पहारेकरी असं सांगत होतो. विशू पायरीवर बसला आणि म्हणाला, "वेण्डाम." तिकडच्या भाषेत नको. त्याला खांद्यावर घेऊन दीपमाळेशी पोचलो, तर कोनाडा रिकामा.

खाली घाटावर धुणं धुणारी बाई आमच्याकडं बघत होती. "डबा शोधताय व्हय? आवं, मगाशीच पोचवला की तुमच्या घरी. इसरला आसंल म्हणलं. नाव हाय त्याच्यावर."

वाईत काही हरवत नाही, हीच वाईची अडचण आहे. घरी आलो तर डबा ओट्यावर आणि सुलभा पदरात तोंड घालून हसतेय. पोरांनी डबा ओट्यावरच उघडला. मजा आली नाही. आयता मिळालेला खजिना म्हणजे बाजारातली वस्तू.

संध्याकाळी सुलभा गौरीची वेणी घालत होती. एवढ्याशा केसांना किती वेळ लागावा? पण तिचा हात चालतच नव्हता. घातलेली वेणी तिनं एकदा सोडली आणि परत घातली. मी गौरीला विचारलं, "काय चुकलं गं माझं?"

"मामा, तू लय लांब लपवतो," ती म्हणाली. "आन दिसत पण नाय."

"दिसलं तर लपवलं कसं म्हणायचं?"

"सगळं नाय दिसायचं. थोडं दिसलं पायजे."

भल्याभल्या गुरुजींना हे कळत नाही. सकाळी निघताना सुलभानं लाडवांची पिशवी जीपमध्ये ठेवली आणि मला बाजूला घेतलं. "तिला फार थापा मारू नका. आपली नदी आहे तेवढीच सांगा. पुढं राहायचंय तिला त्या नदीकाठी."

सातारा

जीप माझ्या मित्राची, वडापची. वडाप म्हणजे जीपमध्ये दहा माणसांच्या जागी वीस कोंबून, वर टपावर कोंबड्या बांधून न्यायचा धंदा. तीत आम्ही तिघंच बसलो होतो, म्हणून ती वाटभर दर थांब्यावर आपोआप हळू व्हायची. खरं सांगतो. विशूनंही बघितलंय.

साताऱ्यात आधी कंदी पेढे घेतले. गौरीनं एक खाऊन सांगितलं की कोइमतूरला पेढा पांढरा असतो आणि हा जळालाय का? मी म्हटलं, हा पेढा एवढा खरपूस भाजतात की एका पेढ्याच्या वासावर एक पलटण कूच करू शकते. गौरी विशूकडं वळून शांतपणे म्हणाली, "मामाचं निम्मं करायचं." मग थोडा विचार करून म्हणाली, "निम्म्याचं पण निम्मं."

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, सकाळच्या गार वेळी, मी दुसरा डबा करवंदीच्या जाळीखाली ठेवला. या वेळी कडी बाहेर चकाकत राहील असा. पोरांना म्हटलं, इथून त्या दगडापर्यंतच शोधायचं, पलीकडं जायचं नाही. पोरं सुटली. मी पेढे उघडले.

तेवढ्यात वरून आवाज आला: "थांबा! कुनी हात लावू नका! मागं सरा!"

पांढरे कॅनव्हासचे बूट, ताठ मिशी, हातात काठी. रोजच्या फिरण्याला निघालेले एक निवृत्त सुभेदार. अलीकडं स्टेशनावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' अशा पाट्या असतात, त्या सगळ्या या माणसानं पाठ केल्या असाव्यात. त्यांनी चकाकती कडी बघितली आणि काठी आडवी धरून आम्हा सगळ्यांना मागं रेटलं. "लेट जाओ! जमिनीवर! सिव्हिलियन, तुमी पन!"

सिव्हिलियन म्हणजे मी. मी पेढ्यांच्या पुड्यासकट आडवा झालो, ते नेमका काट्यांवर. आमच्या मागून टेकडी चढणाऱ्या दोन बायाही आडव्या झाल्या. एक कुत्रं आडवं झालं, ते मात्र बहुतेक आधीपासूनच होतं.

उभी होती फक्त गौरी. "ओ आजोबा, त्यात गोट्या हायत."

"तुला काय म्हाईत?"

"माझं नाव हाय त्याच्यावर."

सुभेदारांनी चष्मा लावला, लांबूनच वाकून वाचलं. 'कु. गौरी.' मग उठून त्यांनी अंगरखा झटकला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आता बॉम्बवर बी नावं घालाय लागलं का काय लोक?" आणि स्वतःच एवढ्या मोठ्यानं हसले की खाली गावात कौलं हलली.

मग त्यांनी खेळाचा ताबा घेतला. पोरांना रांगेत चालायला शिकवलं. दगड हलवलेला असेल तर त्याची मातीची बाजू वर येते, गवत दुमडलेलं असेल तर तिथून कुणीतरी गेलेलं असतं, हे दाखवलं. विशू तर सरळ उकिडवा बसून बोटांनी माती चाळायला लागला. सुभेदारांनी विचारलं, हे कुठं शिकलास? तो म्हणाला, "अप्पा असंच शोधते. भट्टीची राख. त्यात सोनं असतंय."

डबा सापडला. आणि सापडल्याबरोबर विशू म्हणाला, "परत. तिथंच."

हे मोठ्या माणसांना उमगत नाही. आपल्याला वाटतं, दर वेळी नवी जागा, आधीपेक्षा अवघड. लहान पोरांना तेच हवं असतं, त्याच जागी, आणि सापडल्यावर तेवढंच नवल. मी तो डबा त्याच जाळीखाली शंभर वेळा ठेवला असेन. गौरीच्या हिशेबानं पंचवीस. मला कंटाळा आला. सुभेदारांना आला नाही. निघताना ते म्हणाले, "घरी कुनी न्हाई बगा आता. पोरं पुन्याला. उद्या येताय का?"

आम्ही उद्या वडूजला असणार होतो. त्यांना मी नुसता पेढ्यांचा पुडा दिला. एक दिवस राहिलो असतो तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

वडूज

कोरेगाव मागं पडलं की ऊस सरतो, आणि पुसेगावच्या पुढं मुलूख आपले दात दाखवतो. वडूजच्या त्या उन्हात सावलीसुद्धा सावलीला जागा शोधत होती. एक कावळा चालत रस्ता ओलांडताना बघितला, पंख हलवायची त्याची तयारी नव्हती. वाटेत पाणी मागायला एका वस्तीवर थांबलो. दारात मोठा लिंब, लिंबाखाली एक आजी, आणि आजीपुढं भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. पेरणीच्या बियाण्यासाठी त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. तानूबाई त्यांचं नाव.

"बसा. ऊन उतरू द्या. कुठनं आलासा?"

"वाईवरनं, आजी."

"आन ही पाखरं?"

"कोइमतूरची."

"ते कुठं आलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर गौरी म्हणाली, "लांब. दोन दिवस ट्रेन." मी समुद्र आणि हत्ती घालणार होतो, ते राहून गेलं.

पोरं शेंगा फोडायला बसली. विशूला एकदा जमलं, मग तो उठेना. दुपार कलल्यावर मी लिंबाच्या मुळीत डबा ठेवला, पोरांनी शोधला, आतल्या गोट्या-मणी काढून घेतले, आणि परत खेळायला म्हणून रिकामा डबा तिथंच ठेवून आम्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत भाकरी खायला गेलो. बाजरीची भाकरी, तव्यावर परतलेली मिरची, वर कच्चं तेल. ती मिरची खाल्ल्यावर मला माझ्या पणजोबांचं नाव आठवलं, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर येऊन पोरांनी डबा उचलला आणि विशू ओरडला, "जड!"

उघडला तर शेंगदाणे, आणि त्यात गुळाचा खडा.

तानूबाई शेंगांवरची नजर न उचलता म्हणाल्या, "रिकामा हुता. दुसऱ्याचा डबा रिकामा कसा ठिवायचा? भरल्याबिगर माघारी द्यायचा न्हाई. तुमच्यात वाईला चालतं का तसं?"

वाईतही चालत नाही. शेजारणीची वाटी रिकामी परत गेली तर माझी बायको आठवडाभर तोंड लपवेल. पण आमच्याकडं हा ओळखीपाळखीचा कायदा आहे. घर माहीत, वाटी माहीत, उद्या आपलीच वाटी तिकडं जाणार हेही माहीत. इथं झाडाखाली सापडलेल्या परक्या डब्याला या बाईनं तो लावला होता.

गौरीनं मला बाजूला ओढलं. "मामा, आता आपण पण टाकायचं ना? काय तरी?"

"टाक की."

तिनं आपल्या हातातली एक लाल काचेची बांगडी काढली. शेंगदाणे ओच्यात घेतले, बांगडी डब्यात ठेवली, डबा मुळीत, आणि आजींना म्हणाली, "शोधा."

आजींचे गुडघे उठू देत नव्हते. त्या बसल्या बसल्याच सरकत लिंबापाशी गेल्या. मला तर डबा दिसत होता, आजींनाही दिसत असणार. पण त्यांनी आधी पलीकडं बघितलं, मग दगडाखाली, मग शेंगांच्या ढिगात, आणि दर वेळी "न्हाई बया, हितं बी न्हाई" म्हणत राहिल्या. विशू आनंदानं उड्या मारत होता. शेवटी डबा हाती लागला तेव्हा त्यांनी बांगडी उन्हात धरून बघितली. मनगटात जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

त्या दिवसापासून खेळ बदलला. आता डबा घ्यायचा नाही, डबा ठेवून यायचा. सापडेल त्यानं आतलं घ्यावं आणि आपलं काहीतरी ठेवावं. मायणीच्या तळ्याकाठी ठेवला, एका शाळेच्या पडवीत ठेवला. आपण पुढं गेल्यावर तो कुणाला सापडेल, याचीच पोरांची वाटभर बोलणी. गुराखी? म्हातारा? माकड? माकडानं काय ठेवावं यावर विशू झरे गाव येईपर्यंत बोलत होता.

पण हे पुढचं झालं. वडूजहून निघताना तानूबाईंनी गौरीला जवळ घेतलं. "आता कवा यायची गं माघारी?"

"मी हितंच राहणार हाय," गौरी म्हणाली. "मामाकडं. शाळेला."

मी जीपचं बॉनेट उघडून बघत होतो, तसाच बघत राहिलो. इंजिन एवढं सुंदर असतं हे मला माहीत नव्हतं. खोटं नाही सांगत, आणि यातलं निम्मंही करू नका.

"आन मी?" विशूनं विचारलं.

आजींनी त्याच्या खिशात शेंगा भरल्या.

पुढच्या वाटेत गौरी माझ्याशेजारी बसली. वाईच्या शाळेत डबा न्यायचा असतो का, मामी रोज वेणी घालेल का, नदीला मगर आहे का. मगर नाही, असं मी साफ सांगितलं. माझ्या हातून मगर निसटली, यावरून माझी काय अवस्था होती ते ओळखा.

आटपाडी

दरोडेखोर आटपाडीच्या रस्त्यावर भेटायचे होते, पण लिहिण्याच्या भरात त्यांची वेळ टळली. जाऊ द्या.

आटपाडीत यात्रेला आलेल्या गलाईवाल्यांची गर्दी होती. एका कट्ट्यावर बसलं तर पाच मुलखांच्या भाषा ऐकू येत. पोरं आपापसात कानडी, बंगाली, तमीळ झाडत आणि आजीनं हाक मारली की "आलो गं" म्हणत. अक्कानं घर सारवून लख्ख केलं होतं. दाजी ओसरीवर बसून होते. दाजी मुळातच कमी बोलणारे. भट्टीपुढं बसून बसून पापण्या विरळ झालेल्या, तेजाबानं बोटांची कातडी पिवळी. मला म्हणाले, "पाव्हणं, पोरं लय खूष दिसत्यात. काय केलासा?"

सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांनी गौरीला हाक मारली. "गौरे, राहतीस का मामाकडं?"

"राहते."

"मनापासनं?"

"हां."

मी धावत स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. शेजाऱ्यांकडं फोन लावून सुलभाला बोलवून घेतलं. "राहते म्हणाली गं," मी म्हटलं. मग ती म्हणाली, "बरं. मग मी तयारीला लागते." आणि बूथवाल्याला मी एवढा हसतोय कशाला ते कळेना.

दुपारी पोरं म्हणाली, आता आमची पाळी. आम्ही लपवणार, तुम्ही शोधायचं. अक्का पदर खोचून तयार झाली. दाजी नको नको म्हणत होते, विशूनं त्यांना धोतराला धरून ओढलं. गौरी एकटीच परसात गेली, बराच वेळ लागला तिला. येऊन म्हणाली, "शोधा."

अक्का गोठ्यात शिरली, मी कणगीमागं. दाजी मात्र परसात उभं राहून एकदा सगळीकडं बघून घेते झाले, आणि सरळ जुन्या न्हाणीच्या चुलीपाशी जाऊन उकिडवे बसले. चुलीत राख साठली होती. दोन्ही हात राखेत घालून त्यांनी ती हळूहळू बोटांतून गाळली. विशू साताऱ्याला बसला होता अगदी तस्सा. मी हसलो. राखेतून डबा वर आला.

"तुमाला कसं कळलं?" अक्का म्हणाली.

"राखंतच आसतंय," दाजी म्हणाले. ते हसत होते. त्यांना हसताना मी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बघितलं.

त्यांनी झाकण काढलं. आत गौरीचं सगळं होतं. चार दिवसांत जमवलेलं एकूण एक. शिट्टी, मणी, मायणीच्या तळ्याकाठचं पीस, सुभेदारांनी दिलेलं पितळी बटण, सुलभानं वेणीला बांधलेली रिबीनसुद्धा.

"हे कुणाला?" विशूनं विचारलं.

"तुला."

"सगळं?"

"तू एकटा जाणार ना ट्रेनमधी. मग खेळायला." तिनं त्याला जवळ घेतलं आणि शिकवायला लागली, सुभेदारांनी शिकवलं तसं, बोट नाचवून. "तिकडं लपवायला कोण नसंल तर तूच लपवायचं. मग डोळे मिटायचे. मग विसरायचं. मग शोधायचं."

"विसरायचं कसं?" विशू म्हणाला.

तिला ते सांगता येईना. अक्कानं पाठ फिरवली. दाजींच्या हातातली राख गळत होती.

आणि मी म्हणालो, "अक्का, गौरीला घेऊन जा."

"आरं पर ती राहते म्हणली की."

"म्हणली. तरी घेऊन जा."

दाजी माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान डोलावली, आणि मला वाटलं ते सुटले. सगळे सुटले. विशूनं डबा पोटाशी धरला होता. मोठ्या मनाचं काहीतरी केल्यासारखी माझी छाती भरून आली होती.

गौरी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, मी नको का तुला?"

उभी हयात तोंडावर काढलेला माणूस मी. लोकांना नसलेल्या मगरी विकल्या. त्या पोरीला सांगायला मला एक वाक्य सुचलं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो तिनं बाजूला केला. रागानं नाही. केस विसकटू नयेत म्हणून करतात तसा.

भावाला सोडून ती वाईत राहिली नसती, असं अजूनही मला वाटतं. पण वाटतं, एवढंच. वडूजच्या लिंबाखाली तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती राहणार म्हणाली होती. पोरं आपलं सगळं देऊन टाकतात ते घर सोडायला तयार असतात म्हणूनही असेल. मी डब्यातलं बघून ठरवलं. तिला विचारलं नाही.

परत वाई

येताना जीप दर थांब्यावर हळू झाली नाही. वडूजच्या वस्तीवर मी थांबलो नाही. तानूबाईंनी विचारलं असतं. साताऱ्यात टेकडीकडं बघितलंसुद्धा नाही.

दारात सुलभा उभी होती. तिनं माझ्याकडं न बघता जीपच्या मागच्या बाजूला बघितलं. मी वाटेत दहा तऱ्हेची वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलं काढायच्या आतच ती म्हणाली, "जेवलात?"

चपला काढताना मला दिसलं. दाराशेजारच्या भिंतीत नवी खुंटी. आमच्या खुंट्यांच्या खाली, माझ्या कमरेच्याही खाली. दप्तर अडकवायला. भोवतीचा गिलावा अजून ओला होता.

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "भिंत खराब होईल."

या मे महिन्यात कोइमतूरहून कुणी आलं नाही. दाजींनी तिकडं घर बघितलंय म्हणतात. फोनवर विशू खूप बोलतो. डबे लपवतो, गल्लीतली तमीळ पोरं शोधतात, एकदा पोलिसानंही शोधला, असं सांगतो. पोरगं माझ्यावर गेलंय. मी गौरीला फोन द्यायला सांगतो, तेव्हा ती अभ्यास करत असते.

त्या खुंटीला मी दुकानाची किल्ली अडकवतो. अडकवताना रोज वाकावं लागतं.